महापालिकेकडून सार्वजनिक स्केटपार्क उभारून घेताना

स्केटबोर्डसाठी जागा मागायला महापालिकेत गेलेल्या मुलांना पहिले उत्तर बहुधा हेच मिळते की, शहरात स्केटिंग रिंक आधीच आहे. उत्तर देणारा अधिकारी त्यांना टाळत असतोच असे नाही; त्याच्या लेखी चाकांवरचा प्रत्येक खेळ एकच असतो. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी हा फरक कागदावर उतरवावा. रिंक चाकांचे बूट घालून वेगाने फेऱ्या मारण्यासाठी असते, ती सपाट आणि बहुधा लंबवर्तुळाकार असते. स्केटबोर्ड चालवणाऱ्याला तिथे करण्यासारखे फारसे काही नसते. त्याला लागतात चढ-उतार, वक्र भिंती, बसक्या कठड्यांच्या कडा, चार-पाच पायऱ्या आणि त्यांच्या शेजारून उतरणारा लोखंडी दांडा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये पार पडलेल्या २०२० च्या स्पर्धेत, स्केटबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला तेव्हा त्याचे ‘स्ट्रीट’ आणि ‘पार्क’ असे दोन प्रकार ठेवण्यात आले. पहिल्यात रस्त्यावर आढळणाऱ्या पायऱ्या-कठड्यांसारखी रचना असते, तर दुसऱ्यात वाडग्यासारखा खोल, वक्र खळगा असतो. २०२२ मध्ये गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक मिळवले. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात या दोन गोष्टी, आणि सोबत रिंक व स्केटपार्क यांची शेजारी-शेजारी छापलेली छायाचित्रे, एवढे असले की समजावून सांगण्यातला अर्धा तास वाचतो.

पुढे ज्या पायऱ्या सांगितल्या आहेत त्यांतल्या बऱ्याचशा कागदोपत्री आहेत, आणि त्याला कारण आहे. बहुतेक फसलेले स्केटपार्क गवंड्याच्या हातून बिघडण्याच्या कितीतरी आधी अंदाजपत्रकात बिघडलेले असतात. जे लिहिले नाही ते बांधले जात नाही, आणि जे मोघम लिहिले ते सर्वांत स्वस्त पडेल अशा अर्थाने बांधले जाते.

मागणी कोणाची, हे आधी मोजावे

शहरात स्केटबोर्ड चालवणारी मुले आज कुठे ना कुठे चालवतच असतात: मॉलच्या वाहनतळात, समुद्राकाठच्या पदपथावर, अर्धवट बांधलेल्या रस्त्यावर, सुट्टीच्या दिवशी एखाद्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर. सलग चार रविवार या जागांवर जाऊन मोजणी करावी. किती जण आले, वय काय, मुली किती, घरापासून किती लांब आले आणि कुठून हाकलले गेले, अशी साधी नोंद पुरते. शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा चाळीस खऱ्या नावांची ही वही अधिक वजनदार ठरते, कारण सह्या कोणीही गोळा करतो हे महापालिकेत सर्वांना ठाऊक असते. नोंदणीकृत संस्था असली तर पत्रव्यवहार सोपा होतो. पण नोंदणीसाठी वर्षभर थांबण्याची गरज नाही. पालक आणि एखाद-दुसरा क्रीडा शिक्षक सोबत असेल तर अर्ज नागरिकांच्या नावेही देता येतो.

जागा

नगररचना विभागाकडून आपल्या प्रभागाचा मंजूर विकास आराखडा पाहावा आणि क्रीडांगणासाठी आरक्षित असलेले व महापालिकेच्या ताब्यात आलेले भूखंड शोधावेत. ताब्यात आलेले, हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. आरक्षण नकाशावर असते आणि जमीन मूळ मालकाकडेच असते, असे पुष्कळदा होते. कार्यालयात माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करून भूखंडनिहाय स्थिती मागवावी. उद्यानाच्या आरक्षणावर शक्यतो जाऊ नये. हिरवळ उखडून काँक्रीट ओतायला सकाळी फिरायला येणारे लोक विरोध करतील, आणि माझ्या मते तो विरोध रास्तच असेल. त्यापेक्षा आधीच कठीण पृष्ठभाग असलेली पडीक जागा शोधावी: वापरात नसलेले बास्केटबॉलचे मैदान, मोडलेली रिंक, बंद पडलेला वाहनतळ. नदीकाठची मोकळी जमीन मोहात पाडते, पण ती निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्याच्या सीमारेषेच्या, आत असेल तर बांधकामाला परवानगी मिळणार नाही आणि मिळाली तरी पहिल्या पुरात खळगे गाळाने भरतील.

आपल्या हवामानात एका जागेचा विचार अवश्य करावा, ती म्हणजे उड्डाणपुलाखालची. अमेरिकेतील पोर्टलँड शहरात १९९० मध्ये तिथल्या मुलांनी बर्नसाइड पुलाखाली परवानगीशिवायच काँक्रीटचे उतार बांधायला सुरुवात केली, आणि पुढे शहराने तो स्केटपार्क मान्य केला. तिथला पाऊस हेच पुलाखाली जाण्याचे मोठे कारण होते. लंडनमध्ये थेम्सकाठच्या साउथबँक संकुलाखालची झाकलेली जागा १९७० च्या दशकापासून स्केटबोर्ड चालवणाऱ्यांची आहे. ती दुकानांसाठी देण्याचा बेत २०१३ मध्ये पुढे आला, तेव्हा मोठी मोहीम होऊन २०१४ मध्ये ती राखली गेली. मुंबईत माटुंग्याला उड्डाणपुलाखाली उद्यान फुललेले आहे, त्यामुळे पुलाखाली लोकांनी खेळावे-फिरावे ही कल्पना आपल्या यंत्रणांना नवी नाही. मात्र पूल कोणाचा आहे हे आधी पाहावे. तो महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, रस्ते विकास महामंडळाचा किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असू शकतो, आणि ना-हरकत पत्र त्या मालकाकडूनच घ्यावे लागते. खांबांभोवती आणि बेअरिंगच्या (खांब व पुलाचा वरचा भाग यांच्यामधल्या आधारांच्या) तपासणीसाठी मोकळी जागा सोडली आहे, असे रेखाचित्रात दाखवले तर हे पत्र लवकर मिळते.

जागा रस्त्यावरून दिसणारी हवी. आडबाजूची, भिंतीमागची जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये. मुलींचे पालक सर्वांत आधी हेच पाहतात. जवळ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि बसथांबा असावा. घरांच्या खिडक्यांना अगदी लागून नसावी, कारण बोर्ड कडेवर आपटण्याचा आवाज चाकांच्या आवाजापेक्षा जास्त लांब जातो.

आकाराची हाव मात्र सोडावी. पोर्टलँडने २००५ मध्ये जी योजना आखली तीत एका भव्य पार्कऐवजी शहरभर १९ लहान-मोठ्या जागा धरलेल्या होत्या, आणि मला ही विचारसरणी आपल्या दाटीच्या शहरांना जास्त मानवणारी वाटते. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार या खेड्यात २०१५ मध्ये झालेला स्केटपार्क सुमारे ४५० चौरस मीटरचा आहे, म्हणजे बास्केटबॉलच्या एका मैदानाहून थोडाच मोठा, आणि त्यावर गावातली मुले शिकली. प्रभागापुरता पार्क २५० चौरस मीटरमध्ये, म्हणजे बॅडमिंटनच्या तीन कोर्टांएवढ्या जागेत, नीट बसतो.

अंदाजपत्रक आणि निविदा

अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्यावा. आयुक्त आपले अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे ठेवतात आणि खात्यांच्या मागण्या त्याआधी काही महिने गोळा होतात. मार्चमध्ये दिलेला उत्तम अर्जही पुढच्या वर्षाच्या फायलीत जातो. अर्जाची प्रत क्रीडा विभाग, उद्यान विभाग आणि प्रभागातील नगरसेवक अशा तिघांना द्यावी, म्हणजे हे काम दुसऱ्या खात्याचे आहे असे कोणाला म्हणता येत नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक तयार करण्याची पद्धत आहे आणि तीत एका कामाला पाच लाखांपर्यंत रक्कम मिळत आली आहे. एवढ्यात पूर्ण पार्क होत नाही, पण घोटलेली फरशी, दोन कठडे आणि एक दांडा इतकी सुरुवात होते, आणि एकदा मुले तिथे दिसू लागली की पुढची मागणी करणे सोपे जाते. आमदारांचा स्थानिक विकास निधी हाही मार्ग आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख असल्याने कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडेही जाता येते. तिथे अर्ज बांधकामाभोवती न रचता प्रशिक्षणाभोवती रचावा.

आता मूळ मुद्दा. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करतो ते शासनाच्या दरसूचीवरून, आणि त्या दरसूचीत स्केटपार्क नावाची बाब नसते. मग तो जवळची बाब उचलतो: काँक्रीटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक, चेकर्ड टाइल, किंवा पाय घसरू नये म्हणून झाडू फिरवून खरखरीत केलेला काँक्रीटचा पृष्ठभाग. त्याच्या दृष्टीने तो सुरक्षिततेचाच विचार करत असतो. पण स्केटबोर्डची चाके जेमतेम ५० ते ५५ मिलिमीटर व्यासाची आणि कडक असतात. पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती अडकतात आणि खरखरीत उतारावर पडणाऱ्या मुलाची कातडी सोलते. म्हणून ‘पोलादी थापीने आरशासारखे घोटलेले काँक्रीट’ ही बाब स्वतंत्रपणे लिहून घ्यावी, आणि दरसूचीत नसलेल्या बाबींसाठी दरपृथक्करण (साहित्य, मजुरी वगैरेंचा हिशेब मांडून काढलेला दर) व बाजारातील दरपत्रके जोडण्याची जी रीत आहे ती वापरायला अभियंत्याला विनंती करावी. वक्र भिंतींचे काम सपाट फरशीच्या चौरस मीटरच्या दरात घुसडू देऊ नये. सपाट फरशी ट्रिमिक्स पद्धतीने, म्हणजे यंत्राने ओल्या काँक्रीटमधले जादा पाणी शोषून घेऊन, चांगली होते, पण वक्र भिंतीवर ते यंत्र चालत नाही. तिथे शॉटक्रीट, म्हणजे हवेच्या दाबाने काँक्रीटचा फवारा मारून ते साच्याच्या कडेने तासण्याचे तंत्र लागते आणि त्याचा खर्च बराच वेगळा असतो.

निविदेतील पात्रता अट हा दुसरा नाजूक भाग आहे. मागील पाच वर्षांत इतक्या कोटींचे रस्ते केलेला ठेकेदार, अशी नेहमीची अट ठेवली तर रस्त्याचाच ठेकेदार येईल आणि तो त्याला येते तेच करील. उलट पाच स्केटपार्क बांधलेला ठेकेदार हवा, अशी अट घातली तर कोणीच येणार नाही. मधला मार्ग असा की, मुख्य ठेकेदार कोणीही असो, वक्र भागांचे काम स्केटपार्क बांधण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या चमूकडूनच करून घेणे त्याला बंधनकारक करावे आणि त्या चमूचे संमतिपत्र तांत्रिक लिफाफ्यात मागावे. असे लोक देशात आहेत. बंगळूरुच्या होलीस्टोक्ड गटाने २०१३ मध्ये परदेशांतून आलेल्या अनुभवी स्वयंसेवकांच्या सोबतीने स्वतःच्या शहरात स्केटपार्क बांधला, आणि त्या पिढीतील अनेक जण स्वतः बोर्ड चालवतात व स्वतः थापीही चालवतात.

निविदेत आणखी एक बाब घालावी, आणि एकच घालता येणार असेल तर हीच घालावी: नमुना भाग. मुख्य काम सुरू करण्याआधी ठेकेदाराने जागेवर दोन मीटर रुंदीचा एक वक्र उतार पूर्ण घोटाईसह बांधावा, तो स्थानिक स्केटबोर्ड चालवणाऱ्यांनी प्रत्यक्ष चालवून पाहावा, आणि अभियंत्याच्या लेखी मंजुरीनंतरच पुढचे काम व्हावे. नापसंत झाल्यास तो तोडून पुन्हा बांधावा आणि पहिल्या नमुन्याचे पैसे अंदाजपत्रकात धरलेले असावेत. पैसे धरलेले नसले तर वाईट नमुनाही चांगला म्हणून गळ्यात मारला जातो.

आराखड्यातील मापे

रचना ठरवताना दर वेळी मोठा खळगा मागण्याचा मुलांचा उत्साह थोडा आवरावा लागतो. नवशिक्याला दीड-दोन फूट उंचीचा सौम्य उतार, गुडघ्याखाली राहणारा कठडा आणि मुबलक सपाट जागा लागते, आणि दहा वापरणाऱ्यांतील सात-आठ जण नवशिकेच असतात. कठड्यांची उंची ३० ते ४५ सेंटिमीटर असावी व त्यांच्या कडांना लोखंडी अँगल काँक्रीटमध्ये नीट गाडून बसवलेला असावा, नाहीतर महिन्याभरात कडा झडतात. साधारण ९० सेंटिमीटर उंचीच्या वक्र उताराला दोन मीटरच्या आसपास त्रिज्या चांगली. त्रिज्या कमी केली तर उतार भिंतीसारखा अंगावर येतो. वर उभे राहायला किमान दीड मीटर रुंदीचा ओटा हवा. एका अडथळ्यावरून उतरल्यावर दुसऱ्याची तयारी करायला सहा मीटर तरी सपाट अंतर लागते. कमी जागेत जास्त वस्तू कोंबल्याने निकामी झालेले पार्क मोठ्या संख्येने सापडतील.

वक्र उताराच्या माथ्यावर बसणारा पाइप, ज्याला सगळे कोपिंग म्हणतात, तो बाहेरून सुमारे ६० मिलिमीटर व्यासाचा असतो. बाजारात तोच ‘दोन इंची’ म्हणून मिळतो, कारण तिथे माप आतल्या पोकळीचे सांगतात. रेखाचित्रात मात्र बाहेरचा व्यास लिहावा, म्हणजे घोटाळा होत नाही. हा पाइप ओट्याच्या वर आणि उताराच्या बाजूला साधारण पाच-पाच मिलिमीटर पुढे आलेला असला पाहिजे. पूर्ण आत दडला तर बोर्डाला तो जाणवत नाही, जास्त बाहेर आला तर चाक अडकून माणूस डोक्यावर आपटतो. पाच मिलिमीटरचा हा हिशेब सुताराच्या कामासारखा आहे, आणि रस्त्याच्या ठेकेदाराला तो पहिल्यांदा ऐकताना हसू येते.

जमीन, पाऊस आणि घोटाई

विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत खाली काळी माती असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, व वरची फरशी सोबत घेऊन हलते. तिथे काळी माती पुरेशी खोल काढून मुरूम थराथराने भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवावा आणि मगच सोलिंग (दगडांचा थर) व काँक्रीट करावे. कोकणात आणि मुंबईत अडचण वेगळी: जमिनीत खोदलेल्या खळग्याचे पाणी जाणार कुठे? खळग्याच्या तळातील निचरा नळी ज्या पावसाळी गटाराला जोडायची ते गटार तळाहून खाली असले पाहिजे. ते तसे नसेल तर खळगा खोदण्याऐवजी भराव घालून जमिनीच्या वर उचललेली रचना करावी. पंप लावून पाणी काढू, हे आश्वासन स्वीकारू नये, कारण पंप पहिल्या वर्षी चालतो. सपाट भागाला मीटरमागे एक सेंटिमीटरचा उतार पुरतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि बोर्डाखाली जाणवतही नाही.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. उन्हाळ्यात काँक्रीट इतक्या लवकर आवळते की वक्र भाग तासून घोटायला हाताला वेळच मिळत नाही. एम-३० दर्जाचे काँक्रीट, सुमारे १५० मिलिमीटर जाडी आणि जाळीचे लोखंड हा बहुतेक ठिकाणी योग्य आधार आहे, तरी अंतिम निर्णय संरचना अभियंत्याचा. घोटाईच्या वेळी एक सवय आवर्जून थांबवावी: पृष्ठभाग लवकर गुळगुळीत दिसावा म्हणून गवंडी वरून कोरडे सिमेंट भुरभुरतात. त्याने त्या दिवशी चकाकी येते, पण तो पापुद्रा पुढे सुटून येतो. चकाकी थापीच्या फेऱ्यांनी यावी. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस ओल टिकवली पाहिजे. कोरड्या, उष्ण हवेत हाच काळ अनुक्रमे दहा आणि चौदा दिवसांचा होतो. वक्र भिंतीवर पाणी थांबत नाही, म्हणून ओली गोणपाटे बांधावीत आणि दुपारी ती वाळली आहेत का, हे पाहायला मुलांनी पाळ्या लावाव्यात. ठेकेदाराच्या रखवालदारापेक्षा ही मुले जास्त जागरूक असतात.

खुला झाल्यावर

पार्कला कुंपण आणि कुलूप घालून तो एखाद्या अकादमीला चालवायला देण्याचा प्रस्ताव लवकरच येईल. पहाटे शिकवणीच्या ठरावीक वेळा द्यायला हरकत नाही. पण दिवसभर मोफत, विनानोंदणी प्रवेश ही अट मूळ ठरावातच लिहून घ्यावी. जनवारमध्ये ‘शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही’ आणि ‘मुली आधी’ असे दोनच नियम ठेवले गेले आणि ते लहान मुलांच्याही लक्षात राहिले. आपल्या फलकावर शिरस्त्राण वापरण्याची सूचना, जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी आणि ओल्या पृष्ठभागावर खेळू नये, इतके पुरे.

सफाईसाठी रोज सकाळी झाडू लागतो, कारण एक खडा चाक थांबवायला पुरेसा असतो. गुलमोहराखाली पार्क असेल तर मे-जूनमध्ये पाकळ्यांचा चिखल दोनदा काढावा लागतो. पावसाळ्यात उत्तरेकडच्या सावलीतील उतारांवर शेवाळ धरते. तारेच्या ब्रशने आणि ब्लीचिंग पावडरने ते घासून काढावे. सुशोभीकरणाच्या नावाखाली उतारांवर तेलरंगाची चित्रे काढू देऊ नयेत, त्यांवर चाके सटकतात; रंगवायचीच असतील तर बाहेरच्या भिंती आहेत. आणि मोकळे, सपाट, दिव्यांचे मैदान दिसले की मंडपवाल्यांचे लक्ष जाते. गणेशोत्सवात किंवा एखाद्या सभेसाठी घोटलेल्या फरशीत बांबूचे खड्डे पाडले तर ते नंतर सिमेंटने बुजवले तरी तिथे चाक धडकतेच, म्हणून मंडपाला परवानगी देणाऱ्या प्रभाग कार्यालयाला ही जागा वगळल्याचे पत्र आधीच देऊन ठेवावे.

दोषदायित्व कालावधीत, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याच्या मुदतीत, निदान एक पूर्ण पावसाळा आला पाहिजे, हे करारनाम्यात तपासावे. ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, अभियंत्यासोबत संपूर्ण पार्क पायी फिरून भेगा, सुटलेले पापुद्रे, हललेले अँगल आणि पाणी साचण्याच्या जागा खडूने खुणावून त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि त्या खुणा दुरुस्त होऊन बोर्ड चालवून पाहिल्याशिवाय ठेकेदाराची अनामत रक्कम सोडू नये, असे पत्र त्याच दिवशी लेखा विभागात द्यावे.